एनॉक थ्रेलचा नाचरा मनोरा

एनॉक थ्रेलने जन्मभरात काय काय बांधलं ते विचारू नका. डुकरांचे गोठे, शाळा, धान्यबाजार, आणि चॅपेलं तर खंडीभर! लंडनच्या बड्या वास्तुविशारदांना लिंकनशायरचा चिखल नको असायचा आणि एनॉकला चिखलाशिवाय करमायचं नाही. पण मनोरा मात्र एकही नाही. तो पडला चॅपेलवाला, म्हणजे मोठ्या चर्चपासून फुटून निघालेल्या साध्या पंथाचा. त्यांच्या चॅपेलात ना मूर्ती, ना घंटा. रविवारी पलीकडच्या चर्चच्या घंटा सुरू झाल्या की त्याचे सासरे जोसाया पिंचबेक प्रार्थना थांबवायचे, खिडक्या लावायला सांगायचे, मगच पुढे जायचे.

तर त्याच पलीकडच्या, हॉल्मबेकच्या चर्चचा जुना मनोरा ढासळला आणि नव्याचं काम पन्नाशीतल्या एनॉकला मिळालं. चर्चवाल्यांनी नाकं मुरडली. सासरे तर चहा ढवळत म्हणाले, "बडवा आता घंटा, जावईबापू! आम्ही कोण तुमचे?"

मनोरा उभा राहिला, आणि काय देखणा! आवाज लांब जावा म्हणून एनॉकने सगळ्या घंटा पार टोकाला, एका रांगेत टांगल्या. पहिल्याच रविवारी दोर ओढणारे घंटावाले पांढरेफटक होऊन बाहेर आले.

"थ्रेलसाहेब, तुमचा मनोरा नाचतोय हो!" त्यांचा म्होरक्या ॲम्ब्रोज टाली ओरडला. "कोनाड्यातला माझा बिअरचा मग खाली पडला. आणि भरलेला होता!"

पाद्रीसाहेबांनी घंटा बंद केल्या आणि सांगून टाकलं, की ईस्टरपर्यंत दुरुस्ती नाही झाली तर लंडनचा माणूस आणणार. मग झालंच! या टापूत एनॉकला कोणी डुकराचा गोठाही बांधायला दिला नसता.

"भिंती ठणठणीत आहेत," तो घरी बायकोला म्हणाला. "माझं चुकलं कुठे, तेच कळत नाही गं."

केझाया मोजा रफू करत होती. "घंटा वाजताना तुम्ही वर गेला होतात का कधी?"

एनॉकने नकारार्थी मान हलवली. कुठला जाणार! चॅपेलच्या पोराने आतून मनोरा बघायचा कधी?

दुसऱ्याच दिवशी त्याने ॲम्ब्रोजच्या हातापाया पडून घंटा वाजवायला लावल्या आणि कानांत कापूस कोंबून वर चढला. त्याला वाटलं होतं, घंटा पाळण्यासारखी झुलत असेल. छे! बैलाएवढी ती घंटा तोंड आभाळाकडे करून उभी राहिली, आणि धाडकन पूर्ण गोल फिरली. तिच्यामागोमाग बाकीच्या, सगळ्या एकाच दिशेने. दर फेरीला भिंतीला धक्का बसत होता. भीती वाटत होती, तरी त्याला डोळे मिटवेनात.

खाली येऊन तो बहिऱ्यासारखा ओरडला, "ॲम्ब्रोज, मी गाढव आहे!"

"आम्ही बोलणार नव्हतो, साहेब."

पाद्रीसाहेबांसमोरही त्याने हेच कबूल केलं. घंटा बऱ्याच खाली आणल्या, निम्म्यांची फिरायची दिशा काटकोनात वळवली, म्हणजे सगळे धक्के एकाच भिंतीला बसू नयेत. ईस्टरच्या सकाळी ॲम्ब्रोजने कोनाड्यात काठोकाठ भरलेला मग ठेवला आणि दोराला हात घातला.

एनॉक मात्र तिथे नव्हता. रविवार म्हटल्यावर तो चॅपेलात, आपल्या बाकावर, मान खाली घालून बसला होता. सासऱ्यांची प्रार्थना ऐन रंगात आली आणि पलीकडून घंटा सुरू झाल्या. लख्ख, एकामागून एक, कुठेही न अडखळता. एनॉकने केझायाचा हात घट्ट धरला.

सवयीने कोणीतरी खिडकी लावायला उठलं.

"राहू दे उघडी," जोसाया पिंचबेक डोळे न उघडताच म्हणाले. "आपल्या एनॉकच्या आहेत त्या."