व्हेर्नाकची शेवंती

लेक शर्वरी आजारी पडली तर तिचं दार वाजवणारं कोणी आहे का, हा प्रश्न मार्च महिन्यापासून सुलूच्या मनातून हलायला तयार नव्हता. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, अगदी महाकालाच्या रांगेत उभं असतानासुद्धा तो मध्येच डोकं वर काढायचा.

"अगं, फ्रान्समध्ये आहे ती. जंगलात नाही," तिचा नवरा श्रीधर म्हणायचा. रेल्वेत आयुष्य गेल्यामुळे जिथवर गाडी जाते तिथवर सगळं ठीक असतं, असा त्याचा विश्वास होता.

"गाडी जात नाही तिथे," सुलू म्हणायची. "मी बघितलंय. स्टेशन आहे, पण रूळ उखडलेत."

सुलूने खरंच बघितलं होतं. शर्वरी ज्या व्हेर्नाक नावाच्या गावात राहायला गेली होती, ते सुलूने मोबाईलच्या नकाशावर पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं. नकाशातलं ते पिवळं बाहुलं उचलून रस्त्यावर ठेवलं की आपणच रस्त्यावर उभे राहतो, हे तिला शेजारच्या इशिताने शिकवलं होतं. तेव्हापासून दुपारी जेवणं उरकली, श्रीधर आडवा झाला, की सुलू नानाखेड्याच्या आपल्या घरातल्या खुर्चीत बसून व्हेर्नाकमध्ये फिरायला जायची. गाव एवढंसं होतं. तिच्या कॉलनीतल्या साध्या बारशालासुद्धा त्याहून जास्त माणसं जमत. टेकडीवर चर्च, चर्चला लागून काळ्या दगडांची घरं, बहुतेकांच्या खिडक्या बंद. खाली उतरणारा एक रस्ता, त्याच्या कडेने ओढा, आणि ओढ्याच्या अलीकडे कौलारू छपराची, तिन्ही बाजूंनी उघडी अशी एक जागा. तीच शर्वरीच्या कामाची जागा. तिथे पूर्वी गावातल्या बायका धुणं धुवायच्या.

शर्वरीने अशा ठिकाणी जाऊन पोचावं, याचं सुलूला मनातून फारसं नवल नव्हतं. लहानपणी राम घाटावर नेलं की बाकीची मुलं माशांना कणकेच्या गोळ्या टाकायची आणि ही विचारायची, हे पाणी येतं कुठून. नळाला पाणी आलं की ते कुठून आलं, गेलं की कुठे गेलं. एका गणपतीत ती हरवली. सगळी कॉलनी पालथी घातली तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी सापडली. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या काकांना ती विचारत होती, "एक बार और घुमाके दिखाओ ना." पुढे भोपाळला वास्तुकला शिकली आणि नवीन इमारती बांधायच्या सोडून जुन्या बावड्यांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींच्या, मागे लागली. दोन बावड्यांमधला गाळ निघाला, झरे मोकळे झाले, आणि त्या कामाचे फोटो बघून फ्रान्समधल्या एका संस्थेने तिला वर्षभरासाठी बोलावलं. व्हेर्नाकच्या धुण्याच्या जागेत पुन्हा पाणी आणायचं, एवढंच काम.

"एवढंच?" सुलूने विचारलं होतं.

"आई, पाणी टेकडीवरच्या झऱ्यातून यायचं, दगडी पाटाने. घरोघरी नळ आल्यावर पाट मातीखाली गेला. तो कुठून जात होता, हे कुणाला माहीत नाही. एका आजींना सोडून."

त्या आजी म्हणजे मादाम ओदेत. शर्वरीच्या शेजारचंच घर. त्या जागेवर गुडघे टेकून धुणं धुतलेल्या बायकांपैकी आता त्या एकट्याच उरल्या होत्या. फोन लागला नाही तर असावा म्हणून शर्वरीने त्यांच्याच घरचा नंबर सुलूला दिला होता. शर्वरी हळूहळू त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागली. त्या बोलायच्या कमी. पण उन्हाळ्यात एकदा काठी टेकत शेतापर्यंत आल्या आणि पाटाचा पहिला वळसा दाखवून गेल्या. खणलं तर तिथे खरंच कोरीव दगड निघाला. पुढचा वळसा, म्हणाल्या, गवत कापल्यावर.

रविवारच्या फोनवर मग सुलूचे प्रश्न सुरू व्हायचे. तिने कॉलेजात भूगोल घेतला होता, लग्नानंतर त्याचा उपयोग फक्त मुलीचे नकाशे भरून देण्यापुरता झाला होता. आता तो भूगोल अंगात आला.

"घरांचा दगड काळा कसा गं?"

"लाव्हा, आई. इथले डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी आहेत."

"म्हणजे आपल्यासारखंच. माळव्याची काळी मातीसुद्धा त्यातलीच." सुलूला एकदम बरं वाटलं. मुलगी निदान ओळखीच्या दगडावर राहते आहे.

"आणि चौकातल्या खांबावर नावं कसली कोरलीत? तीन आडनावं सारखी दिसतात."

"पहिल्या महायुद्धात गेलेले. ते तिघे भाऊ. मादामच्या आजीचे."

खांबावरची नावं गावातल्या आजच्या मुलांपेक्षा जास्त होती. उरलेल्यांपैकी कितीतरी लोक पॅरिसला गेले, तिथे कोळसा विकला, मग कॉफीची दुकानं काढली, आणि उन्हाळ्यातही यायचे बंद झाले. शाळा मिटली. ब्रेड विकणारी गाडी तेवढी सकाळी भोंगा वाजवत येते.

"इथे कचरागाडी गाणं लावते, तिथे ब्रेडवाला भोंगा वाजवतो," श्रीधर मागून म्हणाला. "लोक दोन्हीकडे सारखेच धावत असतील."

"तुमचे पूर्वज साताऱ्याकडून शिंद्यांबरोबर कारकून म्हणून निघाले," सुलू त्याला म्हणाली, "तेव्हा तिकडे मागे राहिलेल्यांनी असंच म्हटलं असेल. गेले ते गेले."

"सुलू, ती पोरगी तिथे पाट शोधते आहे आणि तू इथे बसून माझं खानदान खणतेस."

हसण्यावारी गेलं. पण सुलूची खरी इच्छा घरात सगळ्यांना ठाऊक होती. शर्वरीने परत यावं. भोपाळला राहावं, इंदूरला राहावं, रात्री बसने निघालं तर सकाळी पोचता येईल अशा कुठल्याही गावी राहावं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी शर्वरीचा फोन आला. मादाम ओदेत अंगणात घसरून पडल्या होत्या. दवाखान्यात राहून आदल्याच दिवशी घरी परतल्या होत्या. "भेटायला जाऊ का गं? की त्रास होईल त्यांना?"

"त्यात विचारायचं काय? सणाचे दिवस आहेत, माणूस आजारातून उठलंय. जा. आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस. शेवंती मिळते का तिकडे?"

"आई, सध्या दुसरं काही मिळतच नाही. दुकानभर शेवंती. पेट्रोल पंपावरसुद्धा कुंड्या मांडल्यात."

"बघ, त्यांचाही काहीतरी सण असणार. चांगली भरगच्च कुंडी ने, पिवळी. आणि एक पणती लाव त्यांच्या उंबऱ्याशी. म्हातारीला बरं वाटेल."

सुलूला त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं. लेकीला तिथे दिवाळी करायला एक घर मिळालं.

पुढच्या रविवारी शर्वरीचा आवाज सपाट होता. मादाम ओदेतनी दार उघडलं, कुंडीकडे बघितलं, खाली उंबऱ्याशी तेवणाऱ्या पणतीकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता दार लावून घेतलं. त्यानंतर त्या उघडतच नव्हत्या. खिडकीत दिसल्या तरी मान फिरवत होत्या.

"मी फार मागे लागले असणार पाटासाठी," शर्वरी म्हणाली. "परक्या मुलीने येऊन रोज प्रश्न विचारायचे म्हणजे काय. त्यांच्याशिवाय पाट सापडणार नाही आणि पाट नाही तर मी इथे बसून काय करू? मी परत येते आई. तिकीट बघते."

"ये," सुलू लगेच म्हणाली. आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गाद्यांना ऊन दिलं. मग देवास गेटला जाऊन शर्वरीच्या आवडीची लसणाची शेव घेतली. कार्तिक असल्यामुळे फुलवाल्यांकडे पिवळे ढीग लागले होते. "दीदी, सेवंती ले जाओ, एकदम ताजी," म्हणत फुलवालीने पिशवीत दोन मुठी जास्तच टाकल्या. बिटिया येते आहे हे सुलूने तिलाही सांगून टाकलं होतं.

दुपारी देवासाठी हार ओवायला घेतला आणि सवयीने मोबाईल उभा करून ठेवला. आता थोडेच दिवस, मग या गावात फिरायची गरज नाही. म्हणून आज न गेलेल्या रस्त्याने जाऊ, असं तिने ठरवलं. धुण्याच्या जागेवरून पुढे, ओढा ओलांडून एक वळण होतं. तिथे लांबून एक दगडी कुंपण दिसायचं. सुलू आजवर त्याला कुणाची तरी बाग समजत होती.

बाहुलं वळणावर ठेवलं. हे फोटो कुणीतरी थंडीच्या सुरुवातीला काढलेले असावेत, झाडं निष्पर्ण होती. पण कुंपणाच्या आत सगळं पिवळं होतं. सुलू खूश झाली. शेवंती. तिने चित्र मोठं केलं. कुंड्या ओळीने होत्या. प्रत्येक कुंडीच्या मागे एक दगड होता आणि दगडावर क्रूस.

हातातली सुई तशीच राहिली.

ती मागे फिरली. चर्चपासून खालपर्यंत एकेक खिडकी पुन्हा बघत आली. खिडक्यांत लाल फुलं होती, दाराशी कुठेकुठे निळी. शेवंती एकाही घराला नव्हती. सगळ्या गावाची शेवंती त्या कुंपणाच्या आत होती. मग तिने मोबाईलवर वाचून काढलं. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर हीच फुलं नेऊन ठेवतात, म्हणून दुकानं भरलेली. जित्या माणसाच्या घरी ती कोणी नेत नाही. आणि कबरीशी दिवाही लावतात.

श्रीधरला तिने उठवलंच.

"काय झालं? शर्वरी?"

"मी त्या बाईला तिच्या मयताची फुलं पाठवली," सुलू म्हणाली. "दिव्यासकट."

त्याने सगळं ऐकून घेतलं. आधी त्याला हसू आलं, ते त्याने टॉवेलने तोंड पुसण्यात जिरवलं. "म्हणजे म्हातारीला वाटलं, ही पोरगी पाट शोधायला आलीये की माझ्या थडग्याची जागा पक्की करायला."

"हसू नका."

"नाही हसत. पण सुलू, एक विचारू? तुला ती परत यायला हवीच होती ना? गाद्यासुद्धा वाळल्या. तू काही बोलली नाहीस तर शुक्रवार-शनिवारपर्यंत तिचं तिकीट निघेल."

सुलूने हाराकडे बघितलं. अर्धा ओवून झाला होता. हा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता. श्रीधरच्या आधीच. गप्प बसायचं, बस्स. मुलगी घरी येईल, लसणाची शेव खाईल, आणि कुठल्याही टाकीपाशी, बावडीपाशी उभी राहिली की तिच्या मनात येत राहील की आपण प्रश्न फार विचारतो. टाकीपाशी सापडलेल्या त्या मुलीने नंतर कधीतरी प्रश्न विचारायचे बंद केले, तर ते या दिवाळीमुळे असेल.

आणि ती म्हातारी. दवाखान्यातून घरी परतलेली, आजीच्या तीन भावांची नावं चौकात रोज वाचणारी. तिच्या घराला आता दार वाजवणारी दुसरी कोण होती? आपण मार्चपासून आपल्याच मुलीसाठी हा प्रश्न विचारत होतो, हे सुलूच्या लक्षात आलं आणि तिला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"तुमच्या फोनमध्ये ते भाषांतराचं आहे ना? काढा," ती म्हणाली.

"शर्वरीला सांग की सरळ. ती जाऊन समजावेल."

"तिच्यासाठी दार उघडत नाहीत त्या. आणि फुलं तिने नाही, मी सांगितली. आईने सांगितलं तर त्या ऐकतील."

"त्यांना इंग्रजी येत नाही. तुला फ्रेंच येत नाही."

"म्हणून तर काढा म्हणते."

मग पाऊण तास त्या घरात विचित्र आवाज चालले होते. फोनमधली बाई एक वाक्य म्हणायची, सुलू ते देवनागरीत कागदावर उतरवायची आणि म्हणून बघायची. बोंजूर मादाम. झ स्वी ला मेर द शर्वरी. मी शर्वरीची आई. आमच्याकडे ही फुलं सणाला आणतात, देवाला वाहतात, केसांत माळतात. आमच्याकडे दिवा येणाऱ्या माणसासाठी लावतात. चूक माझी आहे. तुम्ही खूप जगा.

"शेवटचं जरा जास्त होतंय," श्रीधर म्हणाला.

"होऊ दे."

"आणि 'मेर' म्हणताना घसा खाकर. नाहीतर तुला सर्दी झालीये वाटेल."

"खाकरला तर सर्दी झालीये वाटेल."

तिने घड्याळ बघितलं. तिकडे अजून दुपार व्हायची होती. ब्रेडची गाडी भोंगा वाजवून गेली असेल. बारा वाजता तिथे सगळे जेवायला बसतात आणि मग कोणी कोणाला फोन करत नाही, असं शर्वरी सांगायची. म्हणजे आत्ताच.

"शर्वरीला आधी कळवू का?" श्रीधरने विचारलं.

"नको. आधी त्यांना लावते. त्यांनी दार उघडलं तर तिला कळेलच."

हार बाजूला सारून सुलूने कागद गुडघ्यावर सरळ केला, आणि फोन लागला नाही तर म्हणून दिलेला तो नंबर लावला.