मूळ रंग

“मी सायकली गोया करत नही, त्याच मन्हाकडे येतस,” असं हेमकांत एकदा बायकोला म्हणाला होता. प्रमिलाबाई तेव्हा सूप घेऊन गोठ्याच्या दारात उभ्या होत्या आणि आत नववी सायकल भिंतीला टेकत होती. त्या म्हणाल्या, “मंग त्यास्ले सांगा, येताना पीठ बी लई या.”

हेमकांत कळसाडीचा. वय एकोणपन्नास. शहाद्याच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक. पंचवीस वर्षं तो परीक्षानळ्या धुतो, बाटल्यांत तेच ते क्षार भरतो, आणि दरवर्षी नवी मुलं येऊन जुनीच उत्तरं काढतात.

नऊ वर्षांपूर्वी तो अक्कलकुव्याला चुनीलालच्या दुकानात जुना पंखा घ्यायला गेला होता. गुजरातच्या किनाऱ्यावर मोडायला आलेल्या जहाजांतलं सामान चुनीलालकडे ट्रकने येतं. गाद्या, दिवे, भांडी, कधी खलाशांच्या सायकली. त्या दिवशी एक डोंगरी सायकल आली होती. जाड दातेरी टायर, सरळ हँडल, पोलादी सांगाडा. हेमकांतने बसून बघितलं आणि उतरलाच नाही. एसटीत ती घेणार नव्हते, म्हणून तिच्यावरच तळोद्यामार्गे घरी आला. पन्नासेक किलोमीटर. पंखा राहून गेला. पुढे तो दुकानात दिसला की चुनीलाल लांबूनच म्हणायचा, “आवो हेमकांतभाई, तुमची सोयरीक आलेली आहे.”

त्याच उन्हाळ्यात त्याने घरच्या शेतीची बैलजोडी विकली होती. नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याने मिळत होता, वर्षभर राबणारा सालदार मिळत नव्हता. गोठा रिकामा होता म्हणून सायकल तिथे लावली, उजव्या बैलाच्या खुंट्याला. नथ्थूआबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, ते पाहिलं आणि मुलाशी बोलणं सोडलं. भांडण झालं नाही. काही सांगायचं असलं तर ते प्रमिलाबाईंना सांगत, हेमकांत समोर बसलेला असला तरी. पोळ्याच्या दिवशी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडत. बाहेरून घुंगरांचा आवाज गेला की पांघरूण डोक्यावर घेत.

सायकली मात्र वाढत गेल्या. शेजारचा भटू विचारायचा, “एक मानूस, दोन पाय, अकरा सायकली. बाकीना पाय कोठे शेत?” हेमकांत हसून टायरात हवा भरत राहायचा. महिन्यातून एका रविवारी तो तोरणमाळचा घाट चढायचा. पहिल्या वळणांवर डोक्यातली बडबड चालू असते. मग ती तुटत जाते. शेवटी श्वास उरतो, आणि तोही आपला वाटत नाही. वर पोचून तो तलावाकाठी बसायचा, भाजलेलं कणीस खायचा, उतरायचा. आनंद होतो का, असं कुणी विचारलं तर गोंधळायचा. म्हणायचा, कॉलेजातला थकवा झोपून जात नाही, घाटातला जातो. एवढंच.

अकरांतली एक निळी होती. जपानी, जवळजवळ चाळीस वर्षांची. पुढे गडद निळा, मागे जाता जाता पांढुरका होत गेलेला रंग, आणि सांगाड्याच्या नळीवर कुणीतरी कुंचल्याने लिहिलेली बारीक अक्षरं. जुन्या सायकली जपणाऱ्यांत अशा मूळ रंगाला फार मान असतो. चाक बदलता येतं, साखळी बदलता येते, कारखान्यात बसलेला रंग पुन्हा बसत नाही. हेमकांत तिला सुती फडक्याशिवाय काही लावत नसे, पण घाटाला हीच काढायचा.

यंदा नाशिकला अशा लोकांचा मेळावा होता. फक्त मूळ रंगातल्या सायकली. निळीचे फोटो पाहून त्यांनी त्याला बोलावलं. मोबाइलवर आलेल्या पत्रात ‘आदरणीय हेमकांतजी’ असं होतं. ते त्याने जेवताना वाचलं, मग परत वाचलं. आजवर त्याला ठिकठिकाणी पाठवलं गेलं होतं. बोलावलं कुणी नव्हतं.

मेळावा रविवारी होता. शुक्रवारी पोळा आला.

त्या दिवशी हेमकांत दुपारी कामावरून परतला तेव्हा आबांची खाट रिकामी होती. प्रमिलाबाई पुरणाचे हात घेऊनच ओट्यावर आल्या.

“आबा उठीसन गोठामा ग्यात,” त्या म्हणाल्या. “नऊ वरीसमा पहिल्यांदा. शिंगस्ना रंग मांगी लिधा, मी दुकानमाईन आनी दिधा.”

“कसाले?”

त्यांनी गोठ्याकडे मान केली. हेमकांत गोठ्यात गेला.

निळी सायकल मधोमध उभी होती. हँडल लालभडक होतं. हँडलपासून खाली सगळा सांगाडा लाल होता, अगदी मागच्या चाकापर्यंत, आणि खालच्या मातीवर थेंब पडलेले होते. हँडल जिथे सांगाड्याला बसतं तिथे हळद आणि लोणी चोळलेलं होतं, जसं बैलाच्या खांद्याला चोळतात. सीटवर जुनी झूल. आबा उलट्या टोपलीवर बसले होते. कुंचला अजून हातात होता.

“जी जास्त काम करस तिन्हा मान पहिला,” आबा म्हणाले. प्रमिलाबाई तिथे नव्हत्या. ते हेमकांतशीच बोलत होते. “तू हाईच काढस चढावर. मी देखस ना. मी पहिले शिंगस्ले रंग लावा. मंग रंग उरी ग्या. आंग उघडं दिसे.”

हेमकांतने अंगठा टेकवला. रंग ओला होता. दाट, तेलाचा, संध्याकाळपर्यंत घट्ट वाळणारा. आत्ता कोरड्या फडक्याने हलकेच टिपून घेतला तर खालचा निळा बराचसा वाचला असता. वाळल्यावर तो काढायला जे औषध लागतं त्याने निळाही निघतो. पंचवीस वर्षं बाटल्या हाताळणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं. त्याने खुंटीवरचं फडकं घेतलं, घडी केली, आणि अक्षरं होती त्या जागेसमोर गुडघे टेकून बसला.

“पुसू नको,” आबा म्हणाले. “डाग शेत, माले म्हाईत शे. डोयास्ले दिसत नही आते बराबर. मारुतीले फिराई आन, मंग रातले पुस.”

हेमकांतचा हात तिथेच राहिला.

“बैले निंघी ग्यात,” आबा म्हणाले. “आपलं घर मांगे पडी ऱ्हायनं. लोके म्हनतीन, नथ्थूना घरमा कोनी नही.”

बाहेर घुंगरं वाजत होती आणि भटूचा आवाज येत होता, कुणाच्या तरी बैलाला शिव्या घालणारा. दारात प्रमिलाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि पुरणाचे हात पदराला पुसले. त्या पदराला कधी हात पुसत नसत.

“तुम्हनं नाशिक?” त्यांनी हळूच विचारलं.

हेमकांतने फडकं खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन, घाट संपल्यावर सायकलवरून उतरतो तसा सावकाश, उभा राहिला. घसरलेली झूल सीटवर सरळ केली, हँडल दोन्ही हातांनी धरलं, तळवे लाल झाले. मग सायकल ढकलत तो गोठ्याबाहेर पडला आणि मारुतीच्या दिशेने चालू लागला.