आईवरचं गाणं

माझे वडील विडंबनगीतं म्हणतात. लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्याची चाल घ्यायची आणि त्यात आपले हसवणारे शब्द बसवायचे, हा त्यांचा जन्माचा उद्योग. घरचे आणि गावचे सगळेच त्यांना आण्णा म्हणतात. आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलीय, आवाज चिरका झालाय, पेटीवर बोटं अडखळतात. तरी त्यांचं एक गाणं लागलं की मांडवातले वाढपीसुद्धा हातातली बादली खाली ठेवून ऐकतात. ते गाणं माझ्या आईवर आहे.

वडूजला आमचं शिलाईचं दुकान होतं. आण्णा मशीन मारता मारता रेडिओ ऐकायचे आणि माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला नवं कडवं ऐकवायचे. लोक हसायचे. हसलेलं गिऱ्हाईक कापड टाकून जायचं, पण सदरा वेळेवर मिळायचा नाही. पुढं गणपती मंडळं बोलवायला लागली, मग जत्रा, मग शाळांची गॅदरिंगं. मिरजेहून एक जुनी पेटी दुरुस्त होऊन आली आणि दुकान मागं पडलं.

ते गाणं मी जन्मायच्या आधीचं. दुष्काळाचं वर्ष होतं. आईचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. ती फलटणकडची, पाटाच्या पाण्यावरच्या शेतातली. माहेरी तिच्या भाकरीचं नाव होतं, हे मला मामींनी सांगितलं. वडूजला रेशनची ज्वारी यायची. कधीची साठवलेली कोण जाणे. तिचं पीठ थापताना कडेला तडकायचं आणि तव्यावर टाकलं की पापुद्रा न सुटता वाळून कडक व्हायचं. आण्णांनी एका दुपारी ती भाकरी खाल्ली, आणि संध्याकाळी मंडळाच्या स्टेजवर, त्यावेळी गाजत असलेल्या एका प्रेमगीताच्या चालीत म्हटलं:

चांदावाणी गोल भाकर, चांदावाणीच लांब,
चावाय गेलो एक घास, तर दात म्हनाला थांब.

सगळं पटांगण हसलं. बायकांच्या बाजूला आई बसली होती. सगळ्यांनी वळून तिच्याकडं बघितलं, म्हणून तीही हसली. ते हसणं आयुष्यभर पुरणार आहे, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढं सांगलीच्या एका कंपनीनं कॅसेट काढली. टेंपोत, एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये, रसवंतीवर तेच गाणं. आई दळण घेऊन गेली की गिरणीवाला म्हणायचा, वैनी, बारीक दळू का, दाताला बरं पडंल. ही थट्टा एकदाच झाली असती तर विसरलीही असती. पण माणसं बदलायची आणि प्रत्येकाला वाटायचं, ही थट्टा आपणच पहिल्यांदा करतोय. भावकीतल्या लग्नात बायका भाकरी बडवायला बसल्या की आई परातीजवळ जायची. "तुमी ऱ्हाऊ द्या," असं कुणीतरी म्हणायचं, बाकीच्या पदर तोंडाला लावायच्या, आणि आईला कांदे चिरायला पाठवायच्या. मी लहानपणी तिला प्रत्येक लग्नात कांदे चिरतानाच बघितलंय.

ती आण्णांना एकदाच बोलली, असं तीच सांगते. आवं, ते एवढं गाणं सोडून बाकीची म्हणा, म्हणाली. आण्णा म्हणाले, लोक तेच मागत्यात, मी काय करू. यात खोटं काही नव्हतं. त्यांनी पुढाऱ्यांवर, मास्तरांवर, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कितीतरी गाणी केली. चांगली केली. पण पुढारी पडले, मास्तर रिटायर झाले, काटे बदलले, तशी ती गाणी विरली. बायकोची भाकरी मात्र प्रत्येक पिढीला कळते.

मीही यातून सुटलेली नाही. कराडला कॉलेजात असताना गॅदरिंगला मी तेच गाणं म्हटलं. माझा बाप एवढा प्रसिद्ध आहे, हे मैत्रिणींना दाखवायचं होतं. पहिला नंबर आला, स्टीलची परात मिळाली. ती घेऊन घरी गेले तर आईनं विचारलं, कुठलं म्हटलंस. मी सांगितलं. तिनं परात धुतली, पुसली आणि माळ्यावर ठेवून दिली. तिच्यात कधी काही मळलं नाही.

मग कॅसेटी गेल्या. सीड्या आल्या, त्याही गेल्या. आण्णांना बोलावणी येईनाशी झाली. ते दुकानाच्या पायरीवर बसून असायचे, आणि मला त्यांची कीव यायची. पण आईची ती वर्षं बरी गेली. नव्या सुनांना, नव्या पोरींना ते गाणं माहीत नव्हतं. एका बारशाला तिनं दीड पायली ज्वारीच्या भाकरी एकटीनं केल्या आणि कुणी काही बोललं नाही. मला फोनवर तिनं ते दोनदा सांगितलं.

आणि मग फलटणचा एक चॅनेलवाला आला. त्याच्या वडिलांकडं जुनी कॅसेट होती. त्यानं आण्णांना अंगणात बसवून, डोक्याला फेटा बांधून गाणं म्हणायला लावलं आणि मोबाइलवर टाकलं. महिन्याभरात ते सगळीकडं झालं. मी महाबळेश्वरला सहलीला गेले तर टॅक्सीवाल्याच्या गाडीत तेच. नवरा-बायको त्यावर तोंडं हलवून व्हिडिओ करायचे. बायका स्वतः लाटणं घेऊन नाचायच्या. कॅसेट निदान विकत घ्यावी लागायची, लावावी लागायची, कधी तिची टेप गुंतायची. आता ते गाणं कुणी न मागता येत होतं.

साताऱ्याला आण्णांचा सत्कार ठरला. संयोजकांनी आईलाही आणायला सांगितलं. मी सांगलीला असते, तिथून गेले. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. गाणं झालं, टाळ्या झाल्या, मग निवेदकानं आईला माइकसमोर आणलं आणि विचारलं, काकू, खरंच एवढी कडक असायची का हो भाकरी?

आईनं पदर खांद्यावर घेतला. मग म्हणाली, "पिठाला विरी न्हवती. जुनी ज्वारी व्हती रेशनची. मला भाकरी येती."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. पीठ शिळं झालं की तो जातो. घरात भाकरी करणारी कुठलीही बाई हे सांगेल. पन्नास वर्षांनी आईनं एवढंच सांगितलं होतं, तेही शांतपणे. सभागृह फुटून हसलं. निवेदक हसला. आण्णाही पेटीवर डोकं टेकवून हसले. आई खाली आली आणि माझ्या शेजारी बसली. 

चार दिवसांत तिचं ते वाक्य मोबाइलवर आलं. खाली ढोल-ताशा लावलेला, मधे मधे तिचा चेहरा मोठा केलेला. परीक्षेत नापास झालेला, क्रिकेटमध्ये पहिल्या चेंडूवर आउट झालेला, निवडणुकीत पडलेला, जो तो तिच्या आवाजात सांगत होता, पिठाला विरी न्हवती. मी शाळेत शिकवते. नववीतल्या एका मुलीला मी गृहपाठ का नाही केला म्हणून विचारलं. तिनं तेच वाक्य म्हटलं, माझ्या आईच्याच हेलात. वर्ग हसला. ती माझी आई आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी फळ्याकडं वळले आणि उगाच तारीख पुसून पुन्हा लिहिली.

आईला हे कळू नये असं मला वाटत होतं. पण दुकानात साखर आणायला गेली तेव्हा दुकानदारानं तिलाच तिचा व्हिडिओ दाखवला. ती घरी आली तर आण्णा पेटी काढून बसले होते. नवं गाणं जुळवत होते. ध्रुवपद तिचंच वाक्य होतं.

त्या आठवड्यात ती सांगलीला माझ्याकडं आली. एक पिशवी आणि औषधांचा डबा. भांडण झालं का विचारलं तर नाही म्हणाली. "एक बोलले मी. एकच. ते बी न्हेलं त्येंनी," एवढं म्हणून ती गॅलरीत जाऊन बसली. ती परत गेलेली नाही.

मी आण्णांना फोन करून तोंडाला येईल ते बोलले. ते जुनं गाणं काढून टाका आणि नवं करू नका, असं मी सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. माझी समजूत होती की ते काही करणार नाहीत. पण ते एसटीनं फलटणला गेले, चॅनेलवाल्याला भेटले. त्यानं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, मी माझ्याकडचं काढतो, पण लोकांच्याकडं गेलेलं मी कुठनं काढू? तिथूनच आण्णा सांगलीला आले.

आईनं त्यांना पाणी दिलं, जेवायला वाढलं. त्यांनी घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला. मग म्हणाले, "काढता येत न्हाई आता. माझ्या हातात ऱ्हायलं न्हाई ते."

"तुमच्या हातात व्हतं तवा काय केलं?" आई म्हणाली. आवाज चढवला नाही. आमटी हवी का विचारलं.

चल म्हणायला ते आले होते. म्हणाले नाहीत. वडूजच्या घरी ते एकटे राहतात, खानावळीचा डबा लावलाय, हे मला माहीत होतं आणि आईलाही. तिनं त्यांच्या पिशवीत गुडघ्याला लावायचं तेल घातलं.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले.  मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले, आणि माझा राग थोडा खाली बसला. एसटीत गर्दी होती. कंडक्टरनं त्यांच्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, आवं, तुमी ते भाकरीवाले आण्णा का? मागच्या सीटांवरून माना वर झाल्या. कुणीतरी उठून त्यांना खिडकीची जागा दिली. मी खाली उभी होते. काचेतून त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. घरातून निघताना जो उतरला होता, तो एकदम उजळला. त्यांनी सगळ्यांना हात जोडले. कंडक्टरनं काहीतरी मागितलं असावं, कारण ते एकदा माझ्या दिशेनं बघून पुढं सरसावून बसले.

बस सुरू झाली. ते गायले की नाही, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.