माझी पणजी राधाबाई नव्हती

आमचे अण्णा काल सकाळी गेले. मला आज त्यांच्याबद्दल गोड लिहिता येणार नाही.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. लोह्याजवळच्या आमच्या गावात मास्तर होते.

कालपासून सगळे लिहून राहिलेत. आदर्श शिक्षक. खोटं कधी खपवून घेतलं नाही.

शिक्षक चांगले होते. मी शाळेत जायच्या आधी अक्षरं, पाढे, नाती, सगळं त्यांनीच शिकवलं. तेवढं मी नाकारत नाही.

नाती शिकवताना म्हणायचे, "नुसतं पणजी म्हणून काय व्हतंय? नाव सांग. नाव ठाऊक न्हाई तर कशाची पणजी?"

मग मी हात मागे बांधून म्हणायचे. आजी सुलोचना. पणजी राधाबाई. खापरपणजी तुळसाबाई.

पाहुण्यांसमोर न चुकता म्हणून दाखवलं की हातावर खडीसाखर ठेवायचे.

राधाबाई माझी पणजी नव्हती.

ती अण्णांच्या वडिलांची पहिली बायको. लग्नाची. मूलबाळ व्हायच्या आतच वारली.

मग पणजोबांनी एका विधवेशी पाट लावला. तिचं नाव चंद्रभागा. अण्णा तिच्या पोटचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. मांडव नाही, वाजंत्री नाही. पाटाच्या बाईला पुढे कुणाच्या हळदीला हात लावू देत नसत. तिच्या लेकरांची सोयरीक करताना लोक नाक मुरडत.

हे मला दोन वर्षांपूर्वी आत्याने सांगितलं. आत्या अण्णांची थोरली मुलगी, औशाला दिलेली.

"माझ्या लग्नापर्यंत जिती होती की ती," आत्या म्हणाली. "वऱ्हाडातल्या कुणीतरी इचारलं, मास्तरांच्या मातोश्री कुठं हायेत? अण्णा म्हणले, मी लहान असतानाच गेल्या."

"आणि ती कुठे होती?"

"शेतात. वऱ्हाड जाईपर्यंत गावात येऊ नको म्हणून सांगितलेलं."

"तिला जेवण तरी पाठवलं का कुणी?"

"मला आठवत न्हाई गं. मी नवरी होते."

एकाच माणसाच्या बोलण्यावर जायचं नाही, हेही मला अण्णांनीच शिकवलेलं. म्हणून गावातल्या दोन म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारलं. दोघींनी तेच सांगितलं. एक तर माझ्याकडे बघून म्हणाली, "हनुवटी तिचीच घेतलीस की गं."

त्याच सुमाराला शेतात पणजोबांची समाधी बांधायची ठरली. दगडावरचा मजकूर टाइप करायचं काम माझ्याकडे आलं.

मी लिहिलं : पत्नी राधाबाई व चंद्रभागाबाई. आणि मुलाच्या नावापुढे : आई चंद्रभागाबाई.

अण्णांनी चष्मा लावून वाचलं. मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"औशेकरणीचं तोंड लई चालून राहिलंय. खोड ते."

"अण्णा, ती तुमची आई होती ना?"

"हाव, होती. मग?"

"मग नाव का नाही?"

"राधाबाईच्या नावावर दोन पोरी उजवल्या मी. पाटाच्या पोटचा म्हणून सांगत फिरलो असतो तर बसल्या असत्या घरात. तुझा बाप बी बसला असता, अन् तू बी झाली नसतीस. लई शानी झालीस का?"

आवाज चढवला नाही त्यांनी. हिशोबातली चूक दाखवावी तसं सांगितलं.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की मुली तर कधीच नांदायला गेल्या, त्यांना मुलं झाली, आता तरी नाव येऊ द्या.

मी म्हणाले नाही. मी खोडलं.

दगडवाल्याने विचारलं, "ताई, फायनल करू ना?" मी लिहिलं, "हो."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. लहान नव्हते. एवढं पाप मी अण्णांच्या माथी मारणार नाही, ते माझं आहे.

पण बाकीचं त्यांचं आहे. ज्या बाईने जन्म दिला तिला ती जिवंत असताना मेलेली म्हणाले. आणि मला, पाच वर्षांच्या पोरीला, ते खोटं पाठ करायला लावून वर खडीसाखर दिली.

आज पप्पा म्हणाले, "फॅमिली ग्रुपवर टाकायला अण्णांची माहिती लिही. तुझं मराठी चांगलं आहे. आईचं नाव राधाबाईच ठेव."

"पप्पा, तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत हाय, बाळा. पण तेरावं झालं की लातूरचे पाहुणे तुला बघायला येणार हायेत. त्यांच्यापुढं आता हे कशाला?"

पप्पा वाईट नाहीत. रडून रडून त्यांचा आवाज बसलाय.

पण म्हणजे आता माझी पाळी. तेव्हा आत्यासाठी तिला शेतात पाठवलं. आता माझ्यासाठी पाठवायचं.

ही पोस्ट मी चार वेळा लिहून डिलीट केली. आई बाजूच्या खोलीत आहे, तिलाही अजून सांगितलेलं नाही.

लातूरच्या मंडळींपैकी दोघं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. पोस्ट त्यांच्यापासून लपवलेली नाही.

मला बघायला याल तर चंद्रभागाबाईची पणती म्हणून बघा. ते जमणार नसेल तर येऊ नका, मला वाईट वाटेल, पण येऊ नका.

अण्णा, माझा राग गेलेला नाही. तुम्ही गेलात म्हणून तो जाईल असंही नाही.

दत्तात्रय मास्तर, चंद्रभागाबाईंचे चिरंजीव, यांना त्यांच्या नातीचा शेवटचा नमस्कार.