घुटमळणारा धूर

आजींनी कढईत फोडणी टाकली आणि धूर नव्या चिमणीखाली जाऊन घुटमळला. दार बंद दिसल्यावर पाहुणा घुटमळतो तसा.

ती चिमणी कालच मी बसवली होती. भिंत पोकळ विटांची. चौथा बोल्ट भिंतीत पकडला होता की नुसताच फिरला होता, हे सकाळपासून आठवेना. म्हणून न बोलावताच आलो होतो.

“गॅस बंद करा, आजी.”

बोल्ट चारही घट्ट होते. मग चिमणीच्या जाळीकडे पाहिलं. काल मी काढलेलं वेष्टणाचं प्लास्टिक पुन्हा तिथेच, नीट चिकटवलेलं. कड आचेने आकसलेली.

“नवी आहे रे. तेलकट होईल म्हणून मीच लावलं.”

“तेलकट व्हायलाच आहे ती. हे पेटलं असतं.”

आजींनी आकसलेली कड बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, “पण तू आलास कशाला?”

“बोल्ट बघायला.”

“तो तर घट्ट आहे.”

“हो.”

आठवीत शाळा सुटली, गाव सोडून इंदूरला आलो. शिकलेली माणसं कागद वाचून निर्धास्त होत असतील; मला हात लावल्याशिवाय पटत नाही. काही राहून गेलं असेल, या भीतीला मी आजवर शिव्याच दिल्या. आज तिचे आभार मानावेसे वाटले.

जाळी काढून प्लास्टिक सोललं आणि ती परत बसवली. आजींनी गॅस लावून पुन्हा फोडणी टाकली. धूर वाकून सरळ आत शिरला. त्यांनी हातावर गरम पोळी ठेवली.

जिना उतरून खाली आलो, तर भिंतीतून बाहेर काढलेल्या चिमणीच्या पाइपातून मोहरीचा वास येत होता. धूर मोकळा झाला होता. मी मात्र आठवत होतो, जाळी परत बसवताना खटका नीट लागला ना?

वर गेलो. आजींनी दार उघडंच ठेवलं होतं.