करपलेला लसूण

सुखाचा सातबारा या जगात कुणा एकट्याच्या नावावर असेल, तर तो आमच्या हिच्या मामांच्या. बाकी आपण सगळे तिथं वाट्यानं कसणारे. जतच्या बाजूला, जिथं टँकरचा हॉर्न वाजला की अख्खं गाव घागरी घेऊन पळतं, तिथं चार मेंढरं, पावसावरची ज्वारी आणि फौजेतून आणलेली एक पत्र्याची ट्रंक एवढा यांचा पसारा. पण चेहरा बघाल तर नुकतीच कुणीतरी यांना पाचगणी आंदण दिलीय!

सांगलीला आमच्या फ्लॅटवर आले की आधी नळ. चहा नाही, ख्यालीखुशाली नाही. चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात जायचं, नळ जरासा सोडायचा, धारेखाली बोट धरायचं आणि बंद करायचा. "व्हय, हाय." तासाभरानं पुन्हा तेच. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, ते पाणी कुठं पळून जात नाही." तर म्हणाले, "आवं पावनं, म्हनून तर बघायचं! न पळनारं पानी आमी कवा बघितलंय?" दुसरा नाद उन्हात तापलेल्या बनियनचा. दोरीवरनं काढला की थंड व्हायच्या आत अंगात घालायचा, हा नियम. एका थंडीत मलाही गच्चीवर शर्ट काढायला लावला. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालायला आल्या आणि बघतात तर मामेसासरे आणि जावई, दोघंही उघडेबंब, हातात बनियन घेऊन उभे! लाजेनं अर्धा झालो. पण खोटं कशाला सांगू, तो ऊन ऊन बनियन अंगात गेला आणि तोंडातून आपसूक 'आहाहा' निघालं. "तिकडं वर बर्फात हुतो ना, तवा ह्या एका गोष्टीसाठी जीव तरसायचा," मामा म्हणाले, आणि समाधानानं स्वतःच्याच पोटावरून हात फिरवला.

बरं, मिळालेलं सुख गप्प बसून भोगावं, तर तेही नाही. लगेच फोन! एकदा ऑफिसात साहेब आमची हजामत करत असताना मामांचा फोन आला. म्हातारं माणूस, भर दुपारी फोन! बाहेर पळालो. "मामा, काय झालं?" "काय न्हाई. मामीची भाकरी टम्म फुगलीया बगा. म्हनलं तुमास्नी सांगावं." कधी एसटीत सावलीच्या बाजूची खिडकी घावली म्हणून फोन, कधी हरवलेला चपलांचा जोड दुसऱ्या दिवशी तिथंच सापडला म्हणून. मी चिडायचो, ही हसायची.

आणि मग माझ्या सासूबाई गेल्या. म्हणजे हिची आई, मामांची थोरली बहीण. सासरे आधीच गेलेले, ही एकुलती एक. उंब्रजला हिच्या माहेरी सगळं पार पडलं, पण हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही आणि पोटात अन्नाचा कण नाही. भिंतीला टेकून नुसती बसलेली. "पोरगी रडली तर वाचंल," बायका माझ्याकडं बघून म्हणायच्या. समजावून झालं, रागावून झालं. घशाखाली चहासुद्धा उतरेना.

तिसऱ्या दिवशी सावडून आलो. मयताच्या घरात चूल पेटत नाही, भावकीतून पिठलं-भाकरी येते. तिला आमच्याकडं कडू घास म्हणतात. तो मुकाट्यानं, मान खाली घालून खायचा. चवीबद्दल बोलायचं नाही, पुन्हा मागून घ्यायचं नाही, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळे सोप्यात बसलो. मामा हिच्या शेजारी. दोन घास झाले असतील, आणि त्या शांततेत मामांचा फौजी आवाज घुमला, "आयला! पिठलं काय झकास झालंय! वाढा की आनि जरा!"

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. पिठलं आणणाऱ्या काकूंनी पदर तोंडाला लावला. भावकीतले एक आजोबा जोरात खाकरले. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मामांना कशाचं काही नाही. त्यांनी ताटातून लसणाची एक काळीकुट्ट पाकळी उचलली आणि हिच्यासमोर धरली. "पोरी, ह्ये बघ. करपलाय. आक्काचं पिठलं हाय गं ह्ये! फोडनीत लसून टाकला की निघाली दारात बोलायला. लसून काळा झाल्याबिगर आत याची न्हाई. बारकं असताना आमी दोघं भांडायचो ह्या काळ्या पाकळीवरनं."

ही त्या पाकळीकडं बघत राहिली. आणि हसली. खरंच हसली हो, आणि हसता हसता असा हंबरडा फोडला की सगळा सोपा रडायला लागला. मामांनी ती पाकळी भाकरीच्या तुकड्यात धरून तिला भरवली. तिनं खाल्ली. मग पुढचा घास, मग अर्धी भाकरी. मामांचं स्वतःचं ताट मात्र तसंच राहिलं. मागून घेतलेलं पिठलं काकूंनी परत नेलं, तेव्हा मी बघितलं, मामांनी त्याला बोटही लावलं नव्हतं.

त्या एका बेशिस्तीबद्दल मी या माणसाचा जन्मभर ऋणी आहे. त्यानं माझी बायको मला परत दिली.

आता मामा थकलेत. ऐकू कमी येतं, एसटीचा प्रवास झेपत नाही, फोनही क्वचितच येतो. भर दुपारी ऑफिसात तो वाजावा असं हल्ली मलाच वाटतं. आमच्या घरी पिठल्याचा बेत असला, की ही लसूण फोडणीत टाकते आणि मुद्दाम गॅलरीत जाऊन उभी राहते. घरभर करपट वास सुटला की आत येते, गॅस बंद करते आणि फोन लावून बेंबीच्या देठापासून ओरडते, "मामा, लसूण करपला!"

पलीकडून तोच आवाज, जरा कापरा झालेला.

"लय बेस झालं, पोरी. काळी पाकळी टाकू नगंस. माज्या वाटनीची तूच खा."