भिवाबुवांची बहरीनमधली एकुलती एक बारी

भिवाबुवा परवा गेले आणि त्यांच्या गावात अजून ते हरल्याचा व्हिडिओ फिरतोय.

डोकं फिरलंय माझं. म्हणून लिहितोय.

बुवा इथे बहरीनला, गुदैबिया भागात राहायचे. एसी मेकॅनिक. पण मूळचे कुडाळकडचे भजनी बुवा. आजोबा बुवा, वडील बुवा, काका पखवाजाला. "आमच्या घरात पोरां रडतत ती पण तालात," असं सांगायचे.

डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. एकाने गाता गाता टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाऊनच जबाब द्यायचा. जबाब नाही आला की हरला. खलास.

बावीस वर्षं इथे त्यांना समोर बुवाच मिळाला नाही. लीव्ह मिळायची ती नेमकी गावातल्या बाऱ्या संपल्यावर.

आणि आमचं इथलं मराठी मंडळ? कार्यक्रमात दहा मिनिटं द्यायचो त्यांना. तीही जेवणाची लाइन लागल्यावर.

यंदा योग आला. गावाकडचे एक नावाजलेले बुवा बुसैतीनला मुलाकडे आले. शुक्रवारी दुपारी मनामात हॉल घेतला. भिवाबुवा महिनाभर ड्युटीवर शिडीवर चढून गात होते.

तेवढ्यात आमच्या कमिटीला अक्कल सुचली. "फॅमिलीज येतात. पर्सनल कमेंट्स नकोत."

निरोप द्यायला मी. अहो, मी कणकवलीचा! मला कळायला नको?

बुवा म्हणाले, "मेल्या, टोमणो काढलस तर बारीत रवला काय?"

मी हातापाया पडलो.

"बरां. तुझो शब्द रवांदे."

पाहुण्या बुवांना हे सांगायचं मात्र कोणाच्या लक्षातच आलं नाही. शाब्बास आमची!

त्यांनी पहिल्याच गजरात ताणून धरलं, "एसीच्या थंडीत बुवांचो गळो गोठलो काय?"

हॉल खो खो हसला. बुवांनी माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. नको.

त्यांनी सरळ पुढची गवळण घेतली.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावात. खाली लिहिलेलं, 'भिवा गप झालो.'

घरी सोडताना सिग्नलला गाडी थांबली आणि बुवांनी खड्या आवाजात जबाब गायला,

"एसी मीच बसयलंय, बुवा. तरी घाम तुमकाच कसो फुटलो?"

मी पोट धरून हसलो. रेकॉर्ड करायचं सुचलं नाही. गाढव आहे मी.

पुढच्या लीव्हला गावात त्याच बुवांसमोर बसणार होते. तिकीटही काढलं होतं. परवा सकाळी कामावरच हार्ट अटॅक आला.

काल त्यांच्या मुलाचा फोन आला. बॉडी कधी येणार, कुठले पेपर्स लागतील, सगळं विचारून झालं. मग हळूच म्हणाला,

"काका, बाबांका खराच जबाब येय नाय होतो?"

"येय होतो रे. मीच त्यांका तो गाऊक दिलंय नाय."

पोराने फोन ठेवला.

बुवा, ही पोस्ट तुमच्या गावच्या ग्रुपवर टाकतोय. माझ्या नावासकट.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.